वाकलेली मान आणि नम्र मन

परूशी आणि जकातदार यांचा दाखला (लूक १८ : ९-१४) आपल्या देवळांत इतक्या वेळा वाचला जातो, की ती एक उत्तम कथाही आहे याचा आम्हांस विसर पडतो. परूशाची प्रार्थना हिशेबी आहे: आठवड्यातून दोन उपवास, उत्पन्नाचा दशमांश. जकातदार दूर उभा राहतो, ऊर बडवतो आणि एका वाक्यात दया मागतो. परूशी खोटे बोलत नाही, हे ध्यानात घ्यावे. देवाशी बोलताना त्याची नजर शेजाऱ्यावर आहे, एवढाच त्याचा दोष. जकातदार मात्र स्वतःची तुलना कोणाशीच करीत नाही.

हा दाखला जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्टीत वाचला, तर त्यातील दोन गोष्टी नव्याने बोचतात.

पहिली गोष्ट उपवासाची. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने बालके दगावली आणि सारा महाराष्ट्र हादरला. ज्याच्या घरात धान्य आहे, त्यालाच उपवास मोजता येतात. ज्याच्या कणगीत पावसाळ्यात दाणा उरत नाही, त्याच्या उपासमारीचा हिशेब कोणत्या प्रार्थनेत मांडला जातो?

दुसरी गोष्ट वाकलेल्या मानेची. गरीब आदिवासीला नम्रतेचा आदर्श म्हणून पुढे करण्याची प्रथा आपल्या प्रवचनांत आणि लेखांत रूढ आहे. आमच्या मते मूळ कथेला हा अर्थ पेलत नाही. जकातदार हा रोमी सत्तेसाठी करवसुली करणारा, लोकांच्या लेखी पिळवणूक करणारा माणूस. त्याची मान वाकली ती स्वतःच्या पापाच्या जाणिवेने; दुसऱ्या कोणी ती वाकविली नव्हती. याउलट चित्र गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात दिसते. १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील वारल्यांनी वेठबिगार आणि लग्नगडी या प्रथांविरुद्ध केलेल्या उठावाची ही हकिकत. जमीनदारासमोर वाकलेली वारल्याची मान भीतीने वाकलेली होती. ती ताठ झाली तेव्हा त्याची नम्रता लोपली, असे कोणता ख्रिस्ती वाचक म्हणेल? लेखिका साम्यवादी होत्या. देवासमोर माणसाने कसे उभे राहावे, हा त्यांच्या पुस्तकाचा प्रश्न नाही. तो आमचा आहे. तरीही भीती आणि नम्रता यांतील भेद या पुस्तकाइतका स्पष्ट आम्हांस क्वचितच कोठे आढळला.

मग जव्हारच्या संदर्भात जकातदार कोण? दिवाळीनंतर तेथील कुटुंबे वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर मजुरीला उतरतात. त्यांच्या घामाने आमची घरे उभी राहतात. प्रायश्चित्तकाळात आम्ही जव्हारला धान्याची पोती पाठवितो आणि ती मोजतोही. पोती अवश्य पाठवावीत. मात्र मजुरीच्या हिशेबात कोणाचे काही आमच्याकडे राहून गेले आहे काय, हेही त्याच वेळी तपासावे.

संत लूकने पुढच्याच अध्यायात आणखी एक जकातदार आणला आहे, यरीहोचा जक्कय. ज्याचे अन्यायाने घेतले, त्याला चौपट परत देण्याचे वचन तो प्रभूला देतो. ऊर बडविल्यानंतर काय करावयाचे, हे लूकने असे सांगून ठेवले आहे. पहिला जकातदार वाचून जो थांबतो, त्याने दाखला अर्धाच वाचला.