रिकाम्या जागा आणि राजवायू

आपल्या नियतकालिकांतून कवितेची समीक्षा होते, कथेची होते, आत्मकथनांची तर पुष्कळच झाली. पण आमच्या वस्तीतले प्रत्येक मूल जे पुस्तक हातात धरते त्या शालेय पाठ्यपुस्तकाची समीक्षा क्वचितच होते. त्यातही इतिहासाच्या आणि भाषेच्या पुस्तकांवर कार्यकर्त्यांची नजर असते. कोण वगळला, कोण घुसवला, हे तिथे तपासले जाते. विज्ञानाचे पुस्तक मात्र निर्दोष समजून सोडून दिले जाते. विज्ञानात जात कुठून येणार, असा सर्वसाधारण समज आहे. मी सातवी ते दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवतो. अणू आणि आवर्तसारणी या दोन प्रकरणांपुरते बोलायचे, तर हा समज टिकत नाही असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम अणूचा धडा घेऊ. राज्य मंडळाच्या २०१८ साली आलेल्या आठवीच्या पुस्तकात ‘अणूचे अंतरंग’ हे प्रकरण आहे. अशा धड्यांचा आरंभ बहुधा कणादमुनींच्या नावाने होतो, मग डेमोक्रिटस, मग डाल्टन. केंद्रीय अभ्यासक्रमाच्या नववीच्या पुस्तकात कणादासोबत पकुध कात्यायनाचेही नाव होते. नावे देण्यास माझा आक्षेप नाही. या भूमीत द्रव्याचा विचार झाला, तो मुलांना कळलाच पाहिजे. माझा आक्षेप आहे तो विचार न सांगता नुसते नाव सांगण्याला.

वैशेषिकांचे परमाणू चार प्रकारचे: पृथ्वी, आप, तेज, वायू. ही आजची मूलद्रव्ये नव्हेत. आणि हे परमाणू पहिल्यांदा हलले कशाने? वैशेषिकांचे उत्तर आहे, ‘अदृष्टा’ने. पुढच्या भाष्यकारांनी या अदृष्टाचा संबंध जीवांच्या धर्माधर्माशी, म्हणजे पूर्वकर्माशी जोडला. ज्या कर्मसिद्धान्ताने आमच्या आज्या-पणज्यांना त्यांच्या जन्माचे कारण सांगितले, तोच इथे परमाणूच्या पाठीशी उभा आहे. पाठ्यपुस्तक परमाणू ठेवते आणि अदृष्ट गाळते. मग मुलाला वाटते की प्रयोगशाळेतला अणू आणि मुनींचा परमाणू एकच.

पकुधाची गोष्ट याहून बोलकी आहे. दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात त्याचे मत आले आहे. पृथ्वी, आप, तेज, वायू, सुख, दुःख आणि जीव या सात वस्तू कोणी न घडवलेल्या, अचल, नित्य आहेत. म्हणून धारदार तलवारीने कोणी कोणाचे मस्तक तोडले, तरी कोणी कोणाला मारत नाही. तलवार फक्त या सातांच्या मधल्या पोकळीतून जाते! द्रव्याच्या सिद्धान्तातून खून निर्दोष ठरवणारे हे तत्त्वज्ञान बुद्धाच्या काळी प्रचलित होते आणि बुद्धाने ते नाकारले. पुढे वसुबंधूने ‘विंशतिके’त प्रश्न केला की एका परमाणूला सहा दिशांनी सहा परमाणू चिकटले, तर त्याला सहा बाजू झाल्या, मग तो अविभाज्य कसा? केवढा जिवंत वाद होता हा! आठवीच्या मुलांपुढे वसुबंधूचा प्रश्न ठेवावा, ती तासभर भांडतात. पण पाठ्यपुस्तकाला वाद नको असतो, त्याला वंदनीयांची यादी हवी असते.

आता डाल्टन. त्याचा अणुसिद्धान्त १८०८ च्या ग्रंथात आला, हे मुलांना पाठ असते. तो विणकराचा मुलगा होता आणि बाराव्या वर्षापासून गावच्या शाळेत शिकवू लागला होता, हे मात्र त्यांना कोणी सांगत नाही. तो क्वेकर होता. इंग्लंडच्या राजमान्य चर्चबाहेरच्या पंथाचा, म्हणून ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारे त्याला बंद होती. पाणी म्हणजे एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन, असे त्याने मानले. ते चुकीचे होते आणि पुढच्यांनी ते दुरुस्त केले. मुनी चुकत नाही, म्हणून त्याच्यापासून शिकण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे नमस्कार. विणकराचा मुलगा चुकतो, म्हणून त्याच्यापुढे जाता येते. कोणता पूर्वज आमच्या मुलाच्या अधिक उपयोगाचा आहे?

आणि आपल्याच देशातले मेघनाद साहा? १८९३ मध्ये ढाक्याजवळच्या खेड्यात, हलक्या मानलेल्या जातीत, छोट्या दुकानदाराच्या घरी जन्मलेला हा माणूस. कोलकात्यात शिकताना वसतिगृहातल्या पंक्तीचा विटाळ त्याने सोसला. अतितप्त ताऱ्यांत अणूंमधून इलेक्ट्रॉन कसे सुटतात, याचे समीकरण त्याने १९२० मध्ये मांडले. हे सगळे वेदांत आहेच, असे त्याला ऐकवणारे भेटले, तेव्हा त्याने त्या वृत्तीची बंगाली नियतकालिकातून जाहीर खिल्ली उडवली. अणूच्या धड्यात कणादाला जागा आहे. मग साहाला का नसावी?

दुसरा मुद्दा भाषेचा. हेलियम, निऑन, अरगॉन या वायूंना मराठी पुस्तकात ‘राजवायू’ म्हणतात आणि सोने, चांदी, प्लॅटिनम यांना ‘राजधातू’. का? कारण ते सहसा कोणाशी संयोग पावत नाहीत. म्हणजे जो कोणात मिसळत नाही, तो राजा! या शब्दाचे मूळ युरोपातले आहे, तिथल्या सरदारवर्गाच्या प्रतिमेतून तो आला. आपण त्याला सिंहासनावर बसवले, एवढेच. गंमत अशी की १८९४ मध्ये रॅले आणि रॅम्से यांनी यातला पहिला वायू हवेतून वेगळा काढला तेव्हा त्याला ‘अरगॉन’ हे नाव मिळाले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ आळशी, काम न करणारा. आळशाचा राजा कसा होतो, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. १९६२ मध्ये नील बार्टलेटने झेनॉनचे संयुग करून दाखवले आणि हे सोवळे मोडले. तरी शब्द टिकून आहे. ‘निष्क्रिय वायू’ हा पर्यायही मराठीत आहे. तोही पुरता अचूक नाही, पण निदान तो गुणधर्म सांगतो, पदवी देत नाही. लोखंड गंजते, कारण ते ऑक्सिजनशी संयोग पावते. रक्तातल्या लोहाचा ऑक्सिजनशी संबंध जुळतो, म्हणून आपण श्वासावर जगतो. मिसळणे हा हीनपणा असेल, तर जगणेच हीन ठरेल.

येथे चळवळीतल्या काही तरुण मित्रांचा एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. ते म्हणतात, आवर्तसारणी म्हणजे मूलद्रव्यांचे चातुर्वर्ण्य. प्रत्येकाचे घर ठरलेले, गुण ठरलेले, ते मुलांनी घोकायचे. ज्या रीतीने हा तक्ता शिकवला जातो ती पाहता हा आक्षेप सुचणे साहजिक आहे. भिंतीवर एक छापील तक्ता, पहिली वीस नावे घडाघडा, आणि ‘हे असेच आहे’ हे उत्तर. तरीही हा आक्षेप मला मान्य नाही, आणि तो का मान्य नाही, हे मुलांना समजणे हाच या धड्याचा गाभा आहे.

मेंडेलीव्हने १८६९ मध्ये सारणी मांडली तेव्हा ६३ मूलद्रव्ये माहीत होती. त्याने ती अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमाने लावली, पण जिथे गुणधर्म जुळेनात तिथे ओढूनताणून कोणाला बसवले नाही. जागा रिकामी ठेवली. १८७१ मध्ये त्याने त्या जागांवर येणाऱ्या तीन मूलद्रव्यांचे गुणधर्म आधीच लिहून ठेवले. १८७५ मध्ये गॅलियम, १८७९ मध्ये स्कँडियम आणि १८८६ मध्ये जर्मेनियम सापडले. गॅलियमची घनता शोधकाने ४.७ मोजली. मेंडेलीव्हने कळवले की ती ५.९ च्या आसपास असली पाहिजे, पुन्हा मोजा. पुन्हा मोजली, तर ती ५.९ भरली. टेल्युरियम आयोडीनपेक्षा जड असूनही त्याने ते आयोडीनच्या आधी ठेवले, कारण गुणधर्म तसे सांगत होते. त्याचा उलगडा १९१३ मध्ये मोझलेने केला: खरा क्रम वस्तुमानाचा नसून अणुक्रमांकाचा आहे. अरगॉन आला तेव्हा त्याला सारणीत घरच नव्हते. मेंडेलीव्हने आधी त्याला मूलद्रव्य मानायला नकार दिला, पण शेवटी नवा स्तंभ जोडला गेला. आज ११८ घरे भरली आहेत. शेवटच्या चार मूलद्रव्यांना २०१६ मध्ये नावे मिळाली.

आता तुलना करा. वर्णव्यवस्थेने कधी कोणाला पुन्हा मोजले काय? पुरावा विरुद्ध गेला म्हणून कधी नवा स्तंभ जोडला काय? मेंडेलीव्हने न आलेल्यांसाठी जागा राखली. चातुर्वर्ण्याने समोर उभ्या असलेल्या माणसांनाही जागा दिली नाही. सारणीतले घर म्हणजे पायरी नव्हे. ८० क्रमांकाचा पारा ६ क्रमांकाच्या कार्बनपेक्षा श्रेष्ठ नाही. वर्गीकरण आणि उतरंड यांतला हा फरक तेराव्या-चौदाव्या वर्षी ज्याच्या मनात रुजला, त्याला पुढे जातीचे समर्थन ‘नैसर्गिक विभागणी’ या शब्दाने गिळायला लावणे कठीण जाईल. रसायनशास्त्राने जात मोडत नाही हे मी जाणतो. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करणाऱ्यांना पाण्यातले अणू मोजायचे नव्हतेच. पण मोजण्याची मागणी करायला शिकणे, हीसुद्धा एक राजकीय कृती आहे.

म्हणूनच २०२३ च्या घटनेकडे आपण गंभीरपणे पाहिले पाहिजे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने भार कमी करण्याच्या नावाखाली दहावीच्या पुस्तकातून आवर्ती वर्गीकरणाचे प्रकरण काढले. डार्विनचा उत्क्रांतिवादही तिथून गेला. सांगण्यात आले की हा भाग अकरावीत आहेच. अकरावीत आहे, पण कोणासाठी? विज्ञान शाखेत जाणाऱ्यांसाठी. दहावीनंतर आयटीआयला, कला शाखेला, ऊसतोडीला, कंत्राटदाराच्या दारी जाणारी मुले कोणाची आहेत, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्यासाठी दहावी हाच शेवटचा थांबा आहे. आमच्या राज्य मंडळाच्या २०१८ च्या दहावीच्या पुस्तकात हे प्रकरण होते, ही समाधानाची गोष्ट. पण ते ठेवणे पुरेसे नाही. ते कशासाठी, हेही सांगावे लागेल.

कशासाठी, याचे उत्तर मी गटारापाशी उभा राहून देतो. हायड्रोजनचे अणुवस्तुमान १, गंधकाचे ३२. दोन हायड्रोजन आणि एक गंधक मिळून हायड्रोजन सल्फाइड: ३४. हवेची सरासरी सुमारे २९. म्हणजे हा वायू हवेपेक्षा जड, बंद मॅनहोलमध्ये तळाशी साचणारा. थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. फार झाला की नाकाची संवेदनाच मरते, वास येईनासा होतो आणि आत उतरलेल्याला वाटते की धोका टळला. आठवी-दहावीच्या मुलाला येणारी ही बेरीज आहे. २०१३ मध्ये बंदीचा कायदा झाला, २०२३ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या कुटुंबाला ३० लाख रुपये देण्यास सांगितले, तरी माणसे मरतच आहेत. या मृत्यूंचे कारण कामगारांचे अज्ञान नव्हे, त्यांना उतरवणारी व्यवस्था आहे. पण ज्याला ३४ आणि २९ हे आकडे माहीत आहेत, त्याच्या नकाराला पुराव्याचे बळ मिळते. ‘वास नाही, उतर’ असे म्हणणाऱ्या मुकादमाला तो उत्तर देऊ शकतो.

माझ्या शिक्षक मित्रांना एक सूचना करतो. तक्ता भिंतीवर टांगण्याआधी जुन्या खोक्यांचे वीस पत्ते कापा. प्रत्येकावर एका मूलद्रव्याचे अणुवस्तुमान आणि दोन-तीन गुणधर्म लिहा. त्यांतले दोन पत्ते काढून स्वतःच्या खिशात ठेवा आणि मुलांना मांडणी करू द्या. ती भांडतील, मोडतील, पुन्हा लावतील, आणि थोडी मदत केली तर कोणीतरी म्हणेल, गुरुजी, इथे काहीतरी नाही. त्या क्षणी त्यांना आवर्तसारणी समजलेली असते. समोरच्या मांडणीत कोण नाही हे ओळखणे आणि ते ठामपणे बोलून दाखवणे, ही सवय विज्ञानाच्या तासाला लागली तर ती तेवढ्या तासापुरती राहणार नाही.