कोर्टाच्या पायरीखालचा हिशेब

दिवाणी दाव्यांविषयी जे अनुभवनिष्ठ संशोधन झाले आहे, त्यातली एकच आकृती आज आम्ही तपासायला घेतली आहे. रिचर्ड मिलर आणि ऑस्टिन सरॅट या दोघांनी ती 'लॉ अँड सोसायटी रिव्ह्यू'मध्ये १९८०-८१ साली मांडली. अभ्यासक तिला वादांचा पिरॅमिड म्हणतात.

त्या काळी अमेरिकेत एक ओरड होती की लोक ऊठसूट कोर्टात धावतात. पुरावा काय, तर दाखल दाव्यांचे वाढते आकडे. विस्कॉन्सिन आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठांतल्या संशोधकांनी मग कोर्टाच्या दप्तराबरोबर घरांकडेही मोर्चा वळवला. पाच न्यायिक जिल्ह्यांतल्या सुमारे ५,००० कुटुंबांना फोनवरून विचारले: गेल्या तीन वर्षांत असा काही प्रसंग आला का? आला, तर पुढे काय केलेत?

उत्तर असे निघाले. दर १,००० तक्रारींमागे ७१८ जणांनी समोरच्याकडे मागणी केली. ४४९ मागण्या पूर्ण किंवा अंशतः नाकारल्या गेल्या, म्हणजे तिथे खरा वाद उभा राहिला. वकिलापर्यंत गेले १०३. आणि कोर्टात? फक्त ५०.

ओरडणाऱ्यांची तोंडे बंद व्हायला हे पुरेसे होते. छेद बदलला की अपूर्णांकाचा अर्थ बदलतो, हे या आकृतीने दाखवले. तिचे हे श्रेय निर्विवाद आहे.

पण बघा, आकृती वर निमुळती होते एवढ्याने काय कळते? ९५० प्रकरणे कोर्टात गेली नाहीत, याला कोणी सामंजस्य म्हणेल, कोणी असहायता म्हणेल. आकडा दोघांनाही अडवत नाही. 'आहे' यावरून 'असावे' निघत नाही, हे तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्गात शिकवतात. आमचे म्हणणे असे की किती गळले यापेक्षा कुठल्या पायरीवर गळले, हे आधी विचारावे.

त्याच संशोधनातले दोन प्रकार शेजारी ठेवू. अपघात-इजांच्या १,००० तक्रारींपैकी ८५७ जणांनी मागणी केली आणि वाद झाला फक्त २०१ प्रकरणांत. म्हणजे बहुतेकांना मागितले ते मिळाले. विमा कंपन्यांची भरपाईची ठरलेली रीत तिथे कामाला येते. इथला निमुळतेपणा समझोत्याचा आहे. आता भेदभावाच्या तक्रारी घ्या, नोकरीतल्या, घर मिळवतानाच्या, शिक्षणातल्या. १,००० पैकी मागणी करणारे २९४. त्यातल्या २१६ जणांना नकार. वकिलाकडे २९, कोर्टात ८. ७०६ माणसे पहिल्याच पायरीवर गप्प बसली. हा निमुळतेपणा मौनाचा आहे. सरासरीच्या पिरॅमिडमध्ये मात्र समझोता आणि मौन एकाच रंगात रंगवले जातात. आकृतीचा हा पहिला दोष.

दुसरा दोष पायाशी आहे. 'तक्रार' याचा अर्थ इथे काय धरला? एखादी गोष्ट आपल्या हक्काची आहे, आणि ती देणे न देणे दुसऱ्याच्या हातात आहे, अशी माणसाची समजूत. म्हणजे हक्काची जाणीव व्याख्येतच घातली. ज्याला ती जाणीवच नाही, तो पिरॅमिडच्या तळालाही नाही. शिवाय रकमेच्या तक्रारींना १,००० डॉलरांची किमान मर्यादा ठेवली होती. गरिबाचे ३०० डॉलर बुडाले, तर त्याचा महिना बुडतो, पण मोजणीत तो येत नाही.

गंमत म्हणजे याचे उत्तर त्याच अंकात आहे आणि उत्तर देणाऱ्यांत सरॅट स्वतः आहेत. फेल्स्टिनर आणि एबल यांच्यासोबतच्या लेखात ते म्हणतात की वादाआधी तीन क्रिया घडतात: इजेला नाव देणे, दोष कुणाचा ते ठरवणे, आणि मागणी करणे. जहाजबांधणीच्या कारखान्यात अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ छातीत भरून घेणारा कामगार दम लागतो याला वयाचा दोष मानत राहिला, तर त्याला इजा आहे, तक्रार नाही. आमच्या मते पिरॅमिडपेक्षा हा लेख खोल जातो, कारण जे मोजले गेले नाही त्याला तो शब्द देतो.

आपल्याकडे 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' असे म्हणतात. खर्च, वेळ, मनस्ताप पाहता म्हण खोटी नाही. पण ती कोणाच्या सोयीची, हेही विचारा. ज्याने जमीन दाबली त्याच्या, की ज्याची दाबली गेली त्याच्या? आणि आपला राष्ट्रीय न्यायिक माहिती ग्रिड काय मोजतो? दाखल झालेले आणि तुंबलेले खटले. जिल्हा व दुय्यम न्यायालयांतलेच ४ कोटींहून अधिक. हा आकडा भयंकर आहेच, पण तो पायरी चढलेल्यांचा आहे. प्रलंबित खटले कमी झाले म्हणून टाळ्या वाजवण्याआधी आपण विचारले पाहिजे की ते निकाली निघून कमी झाले, की लोकांनी यायचेच सोडले म्हणून. कोर्टाच्या आत बसून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी घरोघरीच जावे लागते, आणि प्रश्न विचारताना 'तुमची तक्रार काय' याच्याही आधी 'तुमचे काय गेले' असे विचारावे लागते.