‘पुरे’ म्हणण्याचें शास्त्र

वाटमारी करणारा दरोडेखोर वाटसरूवर पिस्तूल रोखून जे शब्द उच्चारतो, तेच एका सद्बोधपर ग्रंथाचें नांव आहे. ‘युअर मनी ऑर युअर लाइफ’, म्हणजे पैसे टाक, नाहीं तर प्राण जाईल. जो डॉमिंग्वेझ व विकी रॉबिन या अमेरिकन लेखकद्वयाचें हें पुस्तक १९९२ सालीं निघालें. दरोडेखोरापुढें आपण मुकाट्यानें पैसे टाकतों व प्राण वांचवितों. नोकरींत मात्र रोज थोडेथोडे प्राण देऊन पैसे घरीं आणतों, अशी या नांवांतली खोंच आहे.

पुस्तक आतां जुनें झालें. पण त्याचा खरा वाचक मागाहून जन्मास आला. २०१८ सालीं रॉबिनबाईंनीं सुधारलेली आवृत्ति काढली, तिला तिशींतच नोकरी सोडलेल्या एका सॉफ्टवेअर अभियंत्याची प्रस्तावना आहे, आणि हा योगायोग नव्हे. अमेरिकेंतील संगणक-व्यवसायांत भरगच्च पगार घेणारे अनेक तरुण चाळिशीच्या आंत काम कायमचें सोडण्याचे मनसुबे रचीत असतात. त्यांच्या पंथाला ‘फायर’ असें आद्याक्षरी नांव आहे, आणि हें पुस्तक त्या पंथाची पोथी होऊन बसलें आहे. पोथ्यांचें जें होतें तें याचेंही झालें : पारायणें पुष्कळ, अर्थाकडे लक्ष थोडें.

ग्रंथाचा गाभा एका साध्या हिशेबांत आहे. नोकरीपायीं खर्ची पडणारे तास कचेरीच्या घड्याळांत मावत नाहींत. जाण्यायेण्याचा वेळ, कचेरीसाठीं करावा लागणारा पोशाख, दमून आल्यावर विकत घेतलेलें जेवण, शीण घालविण्यासाठीं केलेली करमणूक, हें सारें वजा घातलें म्हणजे तासाला ४० डॉलर मिळविणाऱ्याच्या हातीं कदाचित् २० च उरतात. मग ४० डॉलरांचा सदरा हा दोन तासांच्या आयुष्याचा होतो. दरमहा प्रत्येक खर्च असा आयुष्याच्या मापानें मोजावा आणि तेवढें समाधान पदरांत पडलें काय, हें स्वतःसच विचारावें. जमा, खर्च व गुंतवणुकीचें उत्पन्न यांच्या तीन रेषा भिंतीवरच्या तक्त्यावर काढीत जावें. उत्पन्नाची रेषा खर्चाच्या रेषेला ओलांडील त्या दिवसापासून पगारासाठीं काम करण्याचें कारण उरत नाहीं.

आमच्याकडे जमाखर्चाची वही घरोघर होती, आणि शेवटच्या पैचा मेळ लागेपर्यंत जागणारे वडीलही होते. पण ‘हा खर्च आयुष्याच्या किती तासांचा?’ असा रकाना त्या वहींत कोणीं आंखला नव्हता. एवढ्या एका रकान्यासाठीं या पुस्तकाला पुष्कळ माफ करावयास आम्ही तयार आहों. उपदेशाचा सूरही कडवट नाहीं. उधळ्याला लाजविण्यापेक्षां त्याला मोजावयास बसविणें लेखकांना अधिक पसंत आहे.

परंतु दोष लहान नाहींत. पहिल्या आवृत्तींत सारी पुंजी अमेरिकन सरकारच्या दीर्घ मुदतीच्या रोख्यांत ठेवण्याचा सल्ला होता. त्या सुमारास अशा रोख्यांवर ७ टक्क्यांहून अधिक व्याज मिळे. २०१८ सालीं तें ३ टक्क्यांच्या आसपास आलें, आणि सल्ला बदलणें भाग पडलें. पंथीयांनीं मग दुसरें सूत्र उचललें : वार्षिक खर्चाच्या २५ पट सांठवावें, पहिल्या वर्षीं त्यांतले ४ टक्के काढावे, आणि पुढें महागाईच्या मानानें तीच रक्कम वाढवीत न्यावी. याचें मूळ विल्यम बेंगेन या आर्थिक सल्लागाराच्या १९९४ सालच्या लेखांत आहे. पण त्याचा हिशेब निदान ३० वर्षें पुंजी टिकावी एवढाच होता. पस्तिसाव्या वर्षीं काम सोडणाऱ्याला पन्नास-साठ वर्षें काढावयाचीं असतात. यंत्राची प्रत्येक मर्यादा कसून तपासणारे लोक या एका आंकड्यापुढें असे भाविक कां होतात, हें कोडेंच आहे.

आमचा खरा विचार मात्र सातव्या प्रकरणाविषयीं आहे. तेथें लेखक काम व वेतन यांची फारकत करतात. पगाराखेरीज नोकरी जें जें देते, तें सर्व बिनपगारी कामांतूनही मिळूं शकतें. म्हणून काम हें वेतनाच्या गांठींतून सोडवावें, असें त्यांचें प्रतिपादन आहे. काम सोडवावें, सोडावें असें ते म्हणत नाहींत. पंथाच्या पाठांत हा ‘व’ गळाला. डॉमिंग्वेझनें वॉल स्ट्रीटवरील नोकरी वयाच्या ३१व्या वर्षीं सोडली खरी, पण पुढें तो लोकांना हा हिशेब शिकवीत राहिला, आणि पुस्तकाचें उत्पन्न दोघांनीं धर्मादायाकडे वळविलें.

संगणकवाल्यांचें दुःख तरी काय आहे ? काम जड आहे, असें नव्हे. याच व्यवसायांतले लोक रात्रीं जागून, कवडी न घेतां, सर्वांना खुलीं अशीं सॉफ्टवेअरें लिहितात. लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं ‘लिनक्स’चा आरंभ केला तो हौसेनें, आणि २०१७ च्या अखेरीस जगांतील पहिले ५०० महासंगणक सर्वच्या सर्व तिच्यावर चालूं लागले. (पुढें तींत पगारी माणसांचाही मोठा हात लागला, हें सांगितलें पाहिजे.) दिवसां जी वेठ वाटते तीच रात्रीं छंद होते, तेव्हां कंटाळा कामाचा नसतो; कामावरचा हक्क गेल्याचा असतो. महिनोन्महिने रचलेलें वरिष्ठांच्या एका बैठकींत रद्द होतें. मोबदल्याचे शेअर बहुधा चार वर्षांत थोडेथोडे हातीं पडतात, आणि माणूस तेवढ्यासाठीं दिवस मोजीत राहतो. जानेवारी २०२३ मध्यें गुगलच्या मूळ कंपनीनें एका घोषणेसरशीं सुमारें १२,००० माणसें कमी करण्याचें ठरविलें. अशा धन्यापाशीं निष्ठा कोणीं ठेवावी ? येथें पुस्तक कमी पडतें. धन्याला सोडण्याचा मार्ग तें सांगतें. काम धन्याच्या मुठींतून कसें सोडवावें, याविषयीं तें मुकें आहे. शिवाय निवृत्ताला पोसणारें शेअरांचें उत्पन्न अजून कामावर असलेल्यांच्याच श्रमांतून येतें, हा विचार त्या तक्त्यावर कोठेंच उमटत नाहीं.

तिकडे गेलेल्या मराठी अभियंत्यांची अडचण आणखी निराळी. एच-१बी परवान्यावर राहणाऱ्याचा मुक्काम नोकरीला जखडलेला असतो. ती गेली कीं साधारणपणें ६० दिवसांत दुसरी शोधावी, नाहीं तर देश सोडावा. कायम वास्तव्यासाठीं भारतीयांची रांग वर्षानुवर्षांची. रेषा ओलांडली तरी या माणसाला तेथें घरीं बसतां येत नाहीं. त्याच्या तक्त्यावर चौथी रेषा काढावी लागेल, आणि ती त्याच्या हातांत नाहीं.

हें पुस्तक कोणी मराठींत आणणार असेल, तर गुंतवणुकीचें नववें प्रकरण खुशाल गाळावें. आमच्या वाचकाला त्याचा उपयोग थोडा. सातवें मात्र पुरतें उतरावें, आणि ‘रिटायरमेंट’ला ‘निवृत्ति’ हा शब्द घालूं नये. ज्ञान झाल्यावरही कर्म सोडूं नये, हें सांगण्यासाठीं ‘गीतारहस्यां’त (१९१५) टिळकांना त्या शब्दाशीं केवढें झुंजावें लागलें, हें ज्यांनीं तो ग्रंथ वाचला आहे त्यांना ठाऊकच आहे. ‘पेन्शनींत निघणें’ हा आमचा घरगुती शब्दप्रयोग त्यापेक्षां बरा. पण त्यांत पेन्शन देणारा दुसरा कोणी गृहीत आहे. आपणच आपल्याला पेन्शन देणाऱ्या माणसासाठीं शब्द अजून सांपडावयाचा आहे.