खदखद आणि विरजण

मोर्चा चिघळला की आपण सगळे 'खदखद' हा शब्द वापरतो. पण खदखदतं ते चुलीवरचं. त्याला खालून जाळ लागतो, आणि मग जाळ कोणी लावला एवढाच प्रश्न उरतो. आंबण्याचं तसं नाही. चूल विझल्यावर, झाकणाखाली, रात्रभर ते चालू असतं. लीबिग यांना त्यात कुजणं दिसलं. १८५७ साली लुई पाश्चर यांनी लॅक्टिक किण्वनावरचा निबंध मांडला आणि म्हटलं, हे काम जिवंत जीवांचं आहे. कुजणं की जगणं, वाद हाच होता.

११ जुलै १९९७. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार दिसला. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा जण मेले. पोलीस म्हणाले, जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता. म्हणजे पुन्हा जाळच! चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडला आपल्या झोपडीत जीवन संपवलं. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' इथून निघतो आणि २०११ साली पुरा होतो.

तीन तासांहून मोठा हा माहितीपट लांबला, असं काही जण म्हणतात. आम्हांला ते पटत नाही. कॅमेरा वस्त्यांतून गाणी ऐकत फिरतो. एका पिढीचं गाणं दुसरीच्या गळ्यात उतरतं, कालच्या दह्याचा चमचा आजच्या दुधात पडावा तसं. घोगरे तर पटवर्धनांच्या १९८५ च्या 'हमारा शहर'मध्येही गातात. गंमत अशी, की मराठीत बेतावर 'विरजण पडतं' ते वाईट, आणि राबून 'अंग आंबतं' तेही दुखणंच. सोसणाऱ्याच्या अंगात काही नवं तयार होत असेल, ही शक्यता आपल्या वाक्प्रचारांनी फारशी धरलीच नाही. ती या माहितीपटानं धरली.

मात्र एक अडचण आहे. आंबणं आपोआप होतं. 'समाज आंबत होता' म्हटलं की गोळीबारही ऋतुमानासारखा वाटू लागतो. तो आपोआप झाला नव्हता. तिथे हुकूम होता. २००९ साली सत्र न्यायालयानं तो देणाऱ्या अधिकाऱ्याला दोषी ठरवलं, आणि पुढे उच्च न्यायालयातून त्याला जामीन मिळाला.