विषयाचा मान आणि कृतीचा मान

समलिंगी जीवनावरील साहित्याला निराळे पारितोषिक कशाला, वाङ्मय ते वाङ्मयच, असा आक्षेप घेतला जातो. तो दिसतो तितका निर्मळ नाही. अमेरिकेत १९७१ साली ग्रंथपालांच्या एका गटाने असे पहिले पारितोषिक इझाबेल मिलर यांना दिले. तेही त्यांनी पदरमोड करून छापलेल्या कादंबरीला. जे पुस्तक वाचकापर्यंत पोहोचणे कठीण, त्याची वाट मोकळी करणे हे अशा पारितोषिकाचे पहिले कार्य होय.

परंतु केवळ विषय पाहून मान देण्यात धोकाही आहे. तेंडुलकरांचे नाटक ‘मित्राची गोष्ट’ आणि सचिन कुंडलकरांची कादंबरी ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) विषयाच्या कसोटीला सारखीच उतरतात. वाङ्मयीन कसोटीला नाही. नाटकात मित्राची व्यथा बापूच्या तोंडून कळते. आपण तिच्यासाठी कळवळतो, पण तिच्या मनात आपला प्रवेश होत नाही. कादंबरीत तनय आणि अनुजा हे भाऊबहीण घरी राहावयास आलेल्या एकाच तरुणावर प्रेम करतात, आणि दोघेही आपापली हकीकत स्वतः सांगतात. त्या दोन हकीकतींत जे अंतर उरते, तेथेच या कादंबरीचे सामर्थ्य आहे. केवळ तनयसाठी तिला गौरविणारा परीक्षक अर्धेच पुस्तक वाचील.

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. अशा जुन्या ग्रंथालयांनीच मराठीत हे पारितोषिक सुरू करावे. मात्र परीक्षकांच्या अभिप्रायात विषयाला एक ओळ पुरे. उरलेले पान कृतीला द्यावे.