'ऑब्जेक्ट संदर्भाने जाते' : वेब प्रोग्रॅमिंगच्या अध्यापनातील एका सूत्राची चिकित्सा

वेब प्रोग्रॅमिंगच्या अध्यापनात 'साधे मूल्य मूल्याने पाठविले जाते, ऑब्जेक्ट मात्र संदर्भाने' हे सूत्र सर्रास सांगितले जाते. ते सुटसुटीत असले तरी पीएचपी व जावास्क्रिप्ट या दोन्ही भाषांबाबत चुकीचे आहे.

२००० साली आलेल्या पीएचपी ४ मध्ये फंक्शनकडे ऑब्जेक्ट पाठविले की त्याची संपूर्ण प्रत तयार होई. बदल प्रतीत होत, मूळ ऑब्जेक्ट तसेच राही. ते टाळण्यासाठी ठिकठिकाणी अँपरसँडचे चिन्ह द्यावे लागे. जुलै २००४ मधील पीएचपी ५ पासून व्हेरिएबलमध्ये ऑब्जेक्टऐवजी त्याचे ओळखचिन्ह राहू लागले. फंक्शनला मिळते ती या ओळखचिन्हाची प्रत. या बदलालाच 'आता सारे संदर्भाने' असे म्हटले जाऊ लागले. वास्तविक पीएचपीच्या अधिकृत मार्गदर्शिकेतच हे विधान पूर्णतः खरे नसल्याचे नमूद आहे.

कोल्हापुरातील मंगळवार पेठेतल्या एका घराचा पत्ता मालकाने चिठ्ठीवर उतरवून रंगाऱ्याला दिला, असे समजू. रंगाऱ्याने घर रंगविले तर मालकालाही ते रंगविलेलेच दिसेल. परंतु त्याने आपल्या चिठ्ठीवरील पत्ता खोडून तेथे शुक्रवार पेठेतला पत्ता लिहिला, तर मालकाजवळची चिठ्ठी बदलत नाही. खऱ्या संदर्भात दोघांची चिठ्ठी एकच असते. (पीएचपी ४ ची रीत म्हणजे रंगाऱ्यासाठी तसेच दुसरे घर बांधून देणे!)

हा भेद केवळ शाब्दिक नाही. दोन ऑब्जेक्टची अदलाबदल करणारे फंक्शन अँपरसँडविना लिहिल्यास बाहेरचे व्हेरिएबल जागचे हलत नाहीत. सूत्र पाठ केलेला विद्यार्थी येथे चुकतो. त्याहून गंभीर म्हणजे, सूत्रावर विसंबलेला परीक्षक अचूक उत्तराचे गुण कापतो. बार्बरा लिस्कोव्ह व सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात सीएलयू भाषेसाठी 'कॉल बाय शेअरिंग' ही संज्ञा वापरली होती. ती उपलब्ध असताना अध्यापनात तिची उपेक्षा व्हावी, हे अनाकलनीय आहे.

ॲरेच्या बाबतीत अडचण आणखी वाढते. जावास्क्रिप्टमध्ये ॲरे हेही ऑब्जेक्टच असल्याने फंक्शनने त्यात घातलेला घटक बाहेरही दिसतो. पीएचपीत ॲरे आजही मूल्याने जातो व तो घटक बाहेर दिसत नाही. एकाच संकेतस्थळासाठी विद्यार्थी या दोन्ही भाषा लिहितो, आणि वरील सूत्रात ॲरेचा उल्लेखही नसतो.