चित्रतुरग आणि खेळाडू : संगणकीय खेळांतील सादृश्याची मालकी

२०२१ च्या एप्रिल महिन्यात बेंगळुरूच्या ‘क्रेड’ या कंपनीची एक जाहिरात प्रसृत झाली. शहराच्या वाहतुकीत अडकलेले राहुल द्रविड संतापून ओरडतात, बॅटने एका गाडीचा आरसा फोडतात आणि स्वतःला इंदिरानगरचा गुंड म्हणवून घेतात. इंदूरला मराठी कुटुंबात जन्मलेले आणि बेंगळुरूत वाढलेले द्रविड हे भारतीय क्रिकेटमध्ये संयमाचे दुसरे नाव झालेले आहेत. ज्याला हा संयम ठाऊक नाही, त्याला त्या जाहिरातीत एक चिडलेला मध्यमवयीन गृहस्थ एवढेच दिसेल. विडंबन कळण्यासाठी मूळ संहिता आधी वाचलेली असावी लागते, हा साहित्यातील नियम येथेही लागू होतो. म्हणजे जाहिरातीत कामाला लावले गेले ते केवळ द्रविड यांचे मुखमंडल नव्हे. त्यांच्या स्वभावाविषयी लाखो प्रेक्षकांनी मिळून केलेले एक दीर्घ वाचन तेथे वापरले गेले. द्रविड स्वतः या विडंबनात संमतीने सहभागी होते, म्हणून ते वाचन कोणाच्या मालकीचे असा प्रश्न कोणी विचारला नाही.

तो प्रश्न दोनच वर्षांनी न्यायालयात उभा राहिला, आणि त्याचेही एक टोक बेंगळुरूतच होते. तेथे उदयास आलेल्या ‘मोबाइल प्रीमियर लीग’शी निगडित ‘स्ट्रायकर’ या खेळात क्रिकेटपटूंची अंकीय पत्ती विकली जात. पत्तीवर खेळाडूचे नाव असे, त्याचे रेखाटलेले चित्र असे, आणि प्रत्यक्ष सामन्यातील त्याच्या कामगिरीप्रमाणे पत्तीचे मोल वरखाली होई. खेळाडूंशी रीतसर करार करून अशीच पत्ती विकणाऱ्या ‘रारिओ’च्या कंपनीने आणि मोहम्मद सिराज, हर्षल पटेल, अर्शदीप सिंग यांच्यासह पाच क्रिकेटपटूंनी याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. २६ एप्रिल २०२३ रोजी न्या. अमित बन्सल यांनी अंतरिम मनाई हुकूम नाकारला. खेळाडूचे नाव आणि त्याच्या धावा-बळींची आकडेवारी ही सार्वजनिक माहिती आहे, तिच्यावर कोणाची एकाधिकारशाही असू शकत नाही. पत्तीवरील चित्र हे छायाचित्र नसून कलाकृती आहे. व्यंग, विडंबन, कला, विद्याव्यासंग, वृत्त यांसाठी प्रसिद्ध व्यक्तीच्या नावाचा व प्रतिमेचा उपयोग हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असा या निर्णयाचा आशय आहे.

निर्णयाच्या पहिल्या अर्धाबद्दल समीक्षकाने समाधान मानावयास हवे. धावा जर फलंदाजाच्या मालकीच्या ठरल्या, तर बाळ ज. पंडित यांच्या समालोचनापासून आजच्या वृत्तपत्रीय स्तंभापर्यंत मराठीतील सारे क्रिकेटविषयक लेखन परवान्यावर जगू लागेल. अडचण आहे ती उत्तरार्धात. छायाचित्राऐवजी रेखाचित्र वापरले की त्याची कला होते, ही कसोटी फार सोपी आहे. रेषा हे येथे केवळ माध्यम आहे. ती रेषा त्या खेळाडूविषयी काही म्हणते की नाही, हे निर्णयात तपासलेले दिसत नाही. आणि नेमका तोच साहित्यविचाराचा प्रांत आहे.

भारतीय काव्यशास्त्रात हा प्रांत जुना आहे. रससूत्राचा अर्थ लावताना श्रीशंकुकाने चित्रतुरगन्याय मांडला. चित्रातील घोडा पाहणाऱ्याला होणारे ज्ञान हे ‘हा घोडा आहे’ असे सम्यक् ज्ञान नव्हे; ते मिथ्या नव्हे, संशय नव्हे आणि केवळ सादृश्याचेही नव्हे. तरी घोडा प्रतीत होतो. नटाच्या ठिकाणी राम प्रतीत होतो तो असाच. ग. त्र्यं. देशपांडे यांच्या ‘भारतीय साहित्यशास्त्र’मुळे हा वाद मराठी अभ्यासकांच्या चांगल्या परिचयाचा आहे, आणि त्यावरील भट्टतौताचा आक्षेपही. अनुकरण म्हणावयाचे तर अनुकार्य कोणी तरी पाहिलेले असले पाहिजे. राम कोणी पाहिला आहे? अभिनवगुप्ताने गुरूचा हा आक्षेप स्वीकारून नाट्य हे अनुकरण नसून अनुकीर्तन आहे, म्हणजे भावाचे पुनःकथन आहे, अशी भूमिका घेतली.

खेळाडूच्या संगणकीय प्रतिरूपासमोर हा आक्षेप मात्र निकामी होतो. येथे अनुकार्य सर्वांनी पाहिलेले आहे. सिराज चेंडू टाकण्यासाठी धावत येताना दूरदर्शनवर कोट्यवधींनी पाहिलेला आहे, आणि प्रतिरूपाचे यश त्या पाहण्याशी जुळण्यातच मोजले जाते. नाट्याला अनुकीर्तन म्हणून सुटका मिळाली. या प्रतिरूपाला ती मिळणार नाही, कारण त्याच्यापाशी सांगण्यासारखा भाव नाही. त्याच्यापाशी फक्त कृती आणि तिचे मोल आहे.

अमेरिकेतील विद्यापीठीय क्रीडा-खेळांवरील वाद या दृष्टीने उद्बोधक आहेत. ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स’ ही कंपनी महाविद्यालयीन फुटबॉल आणि बास्केटबॉलचे खेळ विकत असे. त्यांत खेळाडूंची नावे नसत, परंतु अंगरख्यावरील क्रमांक, उंची, वजन, ठेवण आणि मूळ राज्य जुळत असे. १९९५ चे विजेतेपद मिळवणाऱ्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संघातील एड ओबॅनन यांनी एका मित्राच्या घरी अशा खेळात ३१ क्रमांकाचा डावखुरा खेळाडू पाहिला आणि तो आपणच आहोत हे ओळखले. त्यांनी २००९ साली दावा लावला. त्याच वर्षी सॅम केलर या फुटबॉलपटूनेही दावा लावला. रायन हार्ट यांचा दावा तिसऱ्या मंडळाच्या अपील न्यायालयाने आणि केलर यांचा नवव्या मंडळाच्या न्यायालयाने २०१३ मध्ये खेळाडूंच्या बाजूने ग्राह्य मानला. दोन्ही ठिकाणी कसोटी ‘रूपांतरा’ची होती. मूळ व्यक्तीत निर्मात्याने स्वतःचे असे काही मिसळून नवे घडवले आहे काय? उत्तर नकारार्थी आले. फुटबॉलपटू फुटबॉलच खेळताना, त्याच मैदानाच्या चित्रात, दाखवलेला आहे.

म्हणजे चित्र जितके हुबेहूब, तितकी त्यातील कला कमी. वास्तववादी कादंबरीच्या अभ्यासकाला हे सूत्र अस्वस्थ करील. पण नवव्या मंडळाच्या निर्णयाला न्या. सिडनी थॉमस यांची भिन्नमतपत्रिका जोडलेली आहे आणि साहित्याच्या दृष्टीने ती अधिक रोचक आहे. एकटे प्रतिरूप न पाहता संपूर्ण कृती पाहावी, आणि खेळणारा प्रतिरूप बदलू शकतो, संघ घडवू शकतो, हे लक्षात घ्यावे, असे त्यांचे म्हणणे. हा वाचककेंद्री समीक्षेचाच युक्तिवाद होय. त्याला एकच उत्तर आहे. खेळणाऱ्याला बदल करता येतो, पण विकत घेताना त्याला हवा असतो तो न बदललेला खेळाडू.

भारतातील एक निकाल याच्याशेजारी ठेवला म्हणजे चित्र उलटे होते. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेवरील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०१५ रोजी अंकाच्या संपादकाला आरोपातून मुक्त केले, पण कवीवरील खटला चालू ठेवला. ऐतिहासिक आदरणीय व्यक्तीच्या मुखातून वा तिच्या नावे अशी भाषा योजली असेल तर समाजमान्य मर्यादांची कसोटी अधिक कठोर होते, अशी न्यायालयाची भूमिका होती. हा कायदा अश्लीलतेचा; व्यक्तिमत्त्वाच्या व्यापारी हक्काचा नव्हे. हा भेद विसरून चालणार नाही. तरी तौलनिक अभ्यासकाला एक गोष्ट टाळता येत नाही. ज्या कवितेत गांधींचे कमाल रूपांतर झाले आहे, जेथे ती व्यक्ती पूर्णपणे कवीच्या सामाजिक संतापाचे वाहन झाली आहे, तेथे रूपांतर हाच दोष मानला गेला. जेथे खेळाडूचे काहीच रूपांतर नाही, तेथे दिल्लीत अभिव्यक्तीचे संरक्षण मिळाले. अमेरिकेत जे वाचवते ते येथे अडकवते.

मराठीतील व्यक्तिचित्राच्या परंपरेकडे वळले तर भेद कोठे करावा याचे काही सूचन मिळते. पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’तील अंतू बर्वा वाचकाला खरा वाटतो, कारण त्याच्याशी निवेदकाचा संबंध जडलेला आहे; त्या संबंधातून व्यक्तीत भर पडते. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त आई नावासह येते, आणि तेथे संमतीचा प्रश्न कितीतरी अधिक दुखरा आहे. तरीही ते लेखन वर्ज्य ठरवावे असे कोणी गंभीरपणे म्हणणार नाही, कारण लेखक स्वतःही त्याच उघडेपणात उभा आहे. पत्तीवरील खेळाडूपाशी असा कोणी निवेदक नाही. तेथे व्यक्तीत भर पडत नाही, वजाबाकी होते. स्वभाव, बोली, गाव, दुखापत, वय हे सारे गळून शिल्लक राहते ते नाव, एक बाह्यरेषा आणि दर षटकाला हलणारा आकडा. ‘कला’ हा शब्द या वजाबाकीला लावणे उदारपणाचे आहे.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि या व्यापाराचा मोठा भाग थांबला. सादृश्याचा प्रश्न मात्र जुगाराच्या प्रश्नाबरोबर मिटत नाही. पैसे न लावता खेळल्या जाणाऱ्या खेळातही प्रतिरूप लागतेच.

आणि ते कोणाचे, याबाबत भारतीय कायद्यात एक पोकळी राहते. ‘टायटन’ विरुद्ध ‘रामकुमार ज्वेलर्स’ या २०१२ च्या प्रकरणापासून दिल्ली उच्च न्यायालयाने व्यक्तिमत्त्वावरील हक्काचा विचार प्रसिद्ध व्यक्तीच्या ओळखीभोवती केला आहे. व्यक्ती ओळखू आली पाहिजे आणि तिच्या ओळखीला बाजारात मोल असले पाहिजे. सिराज यांना हे दोन्ही सिद्ध करणे कठीण नव्हते. परंतु १९३५ पासून चालत आलेल्या रोहिंटन बारिया करंडक या आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळणाऱ्या विद्यार्थ्याचे काय? त्याची आकडेवारी तेवढीच सार्वजनिक आहे, त्याची गोलंदाजीची लकब तेवढीच चित्रित करता येण्याजोगी आहे. त्याला ओळखणारे मात्र त्याच्या महाविद्यालयापुरते आहेत. अमेरिकेतील वाद अशाच, वेतन घेण्यास मनाई असलेल्या विद्यार्थ्यांपासून सुरू झाला होता. २०१३ नंतर बंद पडलेला तो फुटबॉलचा खेळ जुलै २०२४ मध्ये परत आला, तेव्हा त्यात सहभागी होण्यास तयार झालेल्या प्रत्येक खेळाडूला ६०० डॉलर आणि खेळाची एक प्रत देऊ करण्यात आली, आणि या वेळी प्रतिरूपांवर त्यांची नावे होती.